पिठाची तीट

शेजारच्या सुमनकाकू आज गिरणीत आल्या, त्या एका हातात दळणाचा डबा आणि दुसऱ्या हातानं छातीशी कापडी पिशवी धरून. पिशवीतून कुत्र्याचं एक काळंकुट्ट पिल्लू डोकावत होतं.

"लसी पुऱ्या व्हायच्यात याच्या. तोवर खाली ठेवायचं नाही, पण जग दाखवायचं, असं डॉक्टर म्हणालेत," काकू मला म्हणाल्या.

गिरणी घरघरली तसं पिल्लू पिशवीत दडलं. काकू त्याला थोपटत राहिल्या. जरा वेळानं एक कान वर आला, मग नाक, आणि मग त्याला चक्क शिंक आली. सगळी रांग हसली.

आपणही जग आधी असंच पाहिलं असणार, कुणाच्या तरी कडेवरून. तोंड लपवायला खांदा होता, म्हणून तर पुन्हा मान वळवून बघायचं धाडस झालं. पाय जमिनीला लागले ते फार नंतर.

निघताना गिरणीवाल्या मावशी म्हणाल्या, "थांबा, पहिल्यांदा आलंय, तीट लावू द्या." पण काळ्या कपाळावर काजळ दिसणार कसं? त्यांनी बोट पिठात बुडवलं आणि पांढरी तीट लावली.

गिरणी अजून घरघरतच होती. पण आता पिशवीही हलत होती, आतल्या शेपटीनं.