डाव्या डोळ्याची फिल्म

चेन्नईत ऊन फार आहे असं सांगणारी माणसं पैशाला पासरी मिळतील, पण आजचं ऊन किती नंबरचं आहे हे सांगणारा माणूस अख्ख्या जगात एकच, आणि तो माझा घरमालक आहे. आवडी नावाच्या उपनगरातल्या सरकारी कारखान्यातून कारकून म्हणून रिटायर झालेले हे गृहस्थ सकाळी कॉफी झाली की ओट्यावर येतात, हात आडवा धरून फरशीवरची त्याची सावली बघतात आणि जाहीर करतात, "आज शंभर पुरे." ढग असले तर म्हणतात, "चारशे. चारशेविना भागायचं नाहीं." दूधवाला असो नाहीतर विजेचा मीटर वाचायला आलेला माणूस, हा निकाल ऐकल्याशिवाय त्याला गेटबाहेर पडता येत नाही. मी नवीन होतो तेव्हा मला वाटलं, शेवग्याच्या शेंगांचा भाव सांगत असतील. पुढे कळलं की हे फिल्मचे नंबर. शंभरच्या फिल्मला कडक ऊन लागतं, चारशेची सावलीतही भागवून घेते. त्यांचा जगाकडे बघायचा हिशेब इथून सुरू होतो.

मी परभणीकडचा. आठवीनंतर शाळेने मला सोडलं की मी शाळेला, यावर घरात अजून एकमत नाही. इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कंपनीत गाडीचे भाग दाबून काढणाऱ्या मशीनवर मला काम लागलं तेव्हा तमिळचा एक शब्द येत नव्हता. खोली शोधत या गल्लीत आलो आणि याच गेटला टेकून आईशी फोनवर बोलत होतो, "खोटं नाही सांगत, जेवलो म्हणून." आतून आवाज आला, "तूं मराठी कीं? आणि जेवलों म्हणून खोटं बोलतोस. अस्कं ऐकलं मीं, सगळं. आंत ये, जेव." त्यांचे पूर्वज कधीकाळी तंजावरला आले, आणि त्यांची मराठी तिथेच कुठेतरी पितळी डब्यात घालून ठेवल्यासारखी राहिली. मला तर ती ऐकून आपण एखाद्या जुन्या पत्रात राहायला आलोय असं वाटतं. त्या दिवशी सांबार-भात जेवलो आणि गच्चीवरची खोली माझी झाली. अजूनही मी पाण्याची मोटर चालू करताना दोनदा विचारतो. उगाच एखाद्या चुकीवरून खोली जायला नको. मामी, म्हणजे घरमालकीण, यावर मला तमिळमध्ये धाकटा भाऊ करून म्हणतात, "तंबी, भिऊं नक्को. ह्यांस काढतां आलं नाहीं मला या घरांतून, तुला कुठलं काढतें?"

मामांकडे तीन कॅमेरे आहेत. कॅमेरे म्हणायचं आपलं, गल्लीतली पोरं त्यांना डबे म्हणतात आणि दिसतात ते तसेच. काळा चौकोनी डबा, पुढे एक भिंग, बाजूला फिल्म फिरवायची चावी, मागे फोटोचा नंबर बघायला लाल काचेची बारीक खिडकी. एक आजोबांचा, एक मोडबाजारातला आणि एक कुठून आला ते मामींसमोर सांगत नाहीत. डब्याला जवळचं-लांबचं करता येत नाही, उजेड कमी-जास्त घेता येत नाही. एक खटका, तो दाबायचा. मामांचं म्हणणं, माणसाच्या हातात फक्त फिल्म निवडणं आहे, बाकी सगळं डब्याच्या हातात. म्हणून निवडायला वेळ लागतो. लग्नासारखं. एकदा आत गेली की आठ फोटो होईपर्यंत सुटका नाही.

हा वेळ किती लागावा? मी एक पावसाळा आणि एक पोंगल पाहिला, डबा रिकामाच. रोज संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरलो की मला गच्चीवर उभं करून चर्चा. कुठल्या फिल्ममध्ये हिरवा रंग ओरडतो, कुठलीत माणसाची कातडी मेणासारखी दिसते. माणसंसुद्धा ते फिल्मवरूनच ओळखतात. "माझा हेडक्लार्क स्लाइड फिल्म होता. जरा उजेड चुकला कीं मेलास. तुझी मामी निगेटिव. कितीहि चूक कर, पोटांत घालते." मी कोण विचारलं तर म्हणाले, "तूं शंभर. ऊन पडलं नाहीं कीं लगेच काळा पडतोस." खोटं नव्हतं.

फिल्म मिळाली तरी ती थेट बसत नाही. नवी फिल्म येते जाड प्लॅस्टिकच्या रिळावर आणि आजोबांच्या डब्याला लागतं बारीक लोखंडी रीळ, म्हणून अगदी अंधारात एकावरून दुसऱ्यावर गुंडाळावी लागते. अंधार म्हणजे मामांच्या मते दोन रजया. मे महिन्यात भर दुपारी एका जुन्या फिल्मवर सराव म्हणून मामा दोन रजयांखाली, आतून खुडबुड आणि तमिळमध्ये देवाचा धावा. शेजारीण दारातून डोकावून म्हणाली, "अय्यो, राव सारांना ताप?" मामी पंख्याखाली शेंगा सोलत होत्या. "ताप नाहीं. अंगांत फिल्म आलीय. घटकेनें उतरेल." रजईतून आवाज आला, "पंखा वाढव!"

हे सगळं गमतीचं होतं, मामांच्या डोळ्यांचं सुरू होईपर्यंत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मुलगी सिरुसेरीला मोठ्या कंपनीत आहे, तिने धरून नेलं आणि उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून आणलं. घरी आल्यावर मामांनी पहिला प्रश्न विचारला, "भिंतीला निळा रंग कोणीं दिला?" भिंत पांढरी होती, जन्मापासून. मग मामी समोर आल्या. मामांनी डावा डोळा झाकून त्यांच्याकडे पाहिलं, मग उजवा झाकून पाहिलं, मग परत डावा. मामी म्हणाल्या, "काय झालं?" मामा म्हणाले, "कांहीं नाहीं." पण मला गच्चीवर नेऊन हळूच सांगितलं, "तंबी, नव्या डोळ्यांत ती म्हातारी दिसते रे. जुन्यांत अजून तुपासारखी आहे."

मोतीबिंदू जुना झाला की सगळं पिवळं दिसतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मामांना वर्षानुवर्षं घर, गल्ली, मामी सगळं तुपात तळल्यासारखं दिसत आलं होतं, आणि दुसरं ऑपरेशन झालं की ते पुसलं जाणार. त्यांनी नियम केला: डाव्या डोळ्याला जसं दिसतं तसा मामींचा एक रंगीत फोटो आधी निघाला पाहिजे, मग डोळा डॉक्टरांचा. आता फिल्म निवडायला दोन पंच बसले आणि दोघांचं पटेना. उजवा डोळा म्हणे ही बरोबर, डावा म्हणे ती. मी भीत भीत सुचवलं, "मामा, भिंगासमोर मिठाईच्या डब्यावरचा पिवळा कागद धरला तर?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मामींना खोटे दागिने घाला म्हणालो. "पावडर लावून फोटो काढायचा आहे कीं?"

ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं. डॉक्टरांनी बजावलं होतं, फार पिकू देऊ नका. एकदा मामा जिन्याची शेवटची पायरी आहे समजून हवेत उतरले. मी खाली होतो म्हणून माझ्यावर पडले, नाहीतर फरशीवर पडले असते. त्या रात्री मुलीचा मला फोन, "अण्णा, प्लीज, तुम्हीच सांगा. अप्पा तुमचं ऐकतात." माझं? मी मोटर लावायलासुद्धा दोनदा विचारणारा माणूस! मला झोप लागेना. ज्या माणसाने उपाशी ओळखून आत घेतलं त्याला मी काय तोंडाने दटावणार, आणि नाही दटावलं आणि डोळा गेला तर कुठल्या तोंडाने त्याच्या गच्चीवर राहणार?

सकाळी धीर केला. निवडीत उरलेल्या शेवटच्या दोन फिल्मची खोकी उचलली आणि स्वयंपाकघरात मामींसमोर ठेवली. "मामी, तुमचा फोटो. तुम्ही निवडा." मामा मागून ओरडले, "तिला काय कळतं? मी इतके महिने वाचतोंय!" मामींनी साडी निवडावी तशी नजर टाकली. एक खोकं पदराशी लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "हें." मामा खुर्चीत बसले. "सरी, बरं. हिनें निवडलं म्हणजे चुकणार नाहीं. जन्मांत एकदांच चुकली, मला निवडलं तेव्हां."

त्याच संध्याकाळी गच्चीवर, ऊन उतरताना, मामी लाखेच्या रंगाची साडी नेसून सांडगी मिरच्यांच्या परातीशेजारी बसल्या. लाल खिडकीवर काळी चिकटपट्टी, कारण नव्या फिल्मला तिथूनही उजेड लागतो. डबा पोटाशी, श्वास रोखलेला. पहिल्या फोटोला कावळा मिरचीवर आला. पुढे मामी हसल्या, मग शिंकल्या, मग "दूध!" म्हणून उठल्या, मग मामांनी फोटोत माझ्या डोक्याची सावली घेतली. आठव्याला मामी दमल्या आणि मामांकडे नुसत्या बघत राहिल्या. खटका पडला.

लॅबने धुऊन छापून पाठवलेले फोटो आले आणि मामांचा चेहरा उतरला. संध्याकाळ नाही, तूप नाही. मशीनने सगळा पिवळेपणा दोष समजून काढून टाकला होता. "माझ्या तुपाचं ह्यांनीं ताक केलं!" सुट्टीच्या दिवशी मी निगेटिव घेऊन लॅबमध्ये गेलो. मोडक्या तमिळमध्ये सांगितलं, पिवळं राहू द्या. लॅबवाला म्हणाला, "तंबी, फोटो पिवळा आला म्हणून भांडणारे रोज येतात. पिवळा का नाही म्हणून तूच पहिला." मी म्हटलं, "एका आजोबांचा डोळा अडलाय हो." त्याने मशीनची हुशारी बंद केली आणि आठवा फोटो परत छापला.

मामांनी तो हातात घेतला, उजवा डोळा झाकला आणि बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "हेंच." आणि मुलीला फोन लावायला सांगितला.

डाव्या डोळ्यावरची पट्टी निघाली त्या दिवशी मी रजा टाकली होती. मामांनी आधी मला न्याहाळलं. "अरे, तूं एवढा लहान कीं? एका डोळ्यानें मी तुला चांगला घोडा समजत होतों." मग फोटो मागितला, दोन्ही नव्या डोळ्यांनी पाहिला आणि लांब सरकवला. "छे. हळद सांडलीय. कावीळ झालेली बाई." मला एकदम रडूच आल्यासारखं झालं. एवढी धडपड, आणि तो रंग ओळखणारा डोळाच उरला नव्हता.

मामी कॉफी घेऊन आल्या. इतके दिवस 'कसलीं थेरं' म्हणून त्यांनी तो फोटो पाहिलाच नव्हता. पदराला हात पुसून त्यांनी उचलला. त्यात बाई कसली, संध्याकाळच सांडगी मिरच्या राखत बसली होती. मामी मला म्हणाल्या, "ह्यांस मी अशी दिसत होतें?"

"डाव्या डोळ्याला, मामी."

त्या खाली बसल्या. आत दूध उतू गेल्याचा वास आला तरी उठल्या नाहीत.

फोटो आता स्वयंपाकघरात आहे, मोहरीच्या डब्याला टेकलेला. मामा सकाळी उन्हाचा नंबर सांगतात, हल्ली जरा कमी सांगतात, कारण नव्या डोळ्यांना ऊन जास्त दिसतं. पण जुनी खोड गेलेली नाही. संध्याकाळी मी बसमधून उतरून येतो तेव्हा मामी ओट्यावर फुलं गुंफत असतात, आणि मामा एक डोळा झाकून त्यांच्याकडे बघतात, मग दुसरा झाकून बघतात. दोन्हीकडे आता एकच मामी. मग ते हात खाली घेतात, दोन्ही डोळे उघडे ठेवतात, आणि तरी बघतच राहतात.

"काय बघतां?" मामी मान वर न करता म्हणतात. "तंबी आलाय. त्याला जेवलास कीं विचारा."