पार्वतीवहिनीचा घसा बसला

आमच्या वेसाव्यात पार्वतीवहिनीचा आवाज ऐकला नाही असा माणूस शोधून दाखवा! मासळीबाजारात ती या टोकाला बसते आणि त्या टोकाची गिऱ्हाईकं तिच्याकडे वळतात. शिवाय ती धवलारीण. लग्नाची गाणी म्हणायला तीच लागते, तिनं तोंड उघडल्याशिवाय आमच्या गल्लीत कुणाला हळद लागत नाही. अंगात सणसणून ताप असतानाही ती मांडवात गायलीय. मी तिची नणंद, मालन. जीभ मलाही कमी नाही, पण वहिनीपुढे मीसुद्धा दबून असते, उगाच खोटं कशाला बोलू?

त्या संध्याकाळी विपुलची हळद होती. चार घरं सोडून राहणारा पोरगा. आणि आमची दिशा, वहिनीची एकुलती एक लेक, त्याच्यावर दोन वर्षं जीव टाकून होती. हे मला ठाऊक होतं, वहिनीला नव्हतं. तिनं पोरीला बजावून ठेवलेलं, "शिकायला धाडतेय तुला. कसली भानगड कानावर आली, की कॉलेज बंद. दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारी मासळीची पाटी घेऊन बसायचं." आणि वहिनी बोलते ते करते.

त्यातच दुसऱ्या दिवशी दिशाची बारावीची मराठीची तोंडी परीक्षा. कविता तरी मेली कुठली निघावी! नदीकाठी भेटणारी दोघं, ती दुसऱ्याची होऊन जाते आणि हा रोज त्याच काठावर येऊन बसतो. कॉलेजात सरावाला दिशा उभी राहिली, तर तोंडातून शब्द फुटेना. मॅडम म्हणाल्या, परीक्षकांसमोर असं केलंस तर वाट लागली समज.

म्हणून माझ्या घरी मी बोंबील साफ करत तिची तयारी घेत होते. बाहेर बँजो वाजायला लागला होता.

"बोल, कवीला काय वाटतं?"

"विरहाचं दुःख. ते त्यानं नदीच्या प्रतिमेतून मांडलंय." गाईडमधलं सगळं घडाघडा आलं.

"मग तो तिला दोष का देत नाही?"

इथं आली की पोरगी गाईडची पानं उलटायला लागायची. मला तर त्या कवीचाच राग आला. अरे, काठावर काय बसून राहतोस, कामधंदा नाही तुला?

"दिशा, उद्या हेच विचारणार. बोल ना गं!"

"दोष दिला तर होतं तेपण खोटं ठरेल ना, आत्या," ती एकदम बोलली. "मला नाही विपुलला दोष द्यायचा. घरच्यांपुढे त्याला तोंड उघडता आलं नाही, घाबरला तो. पण माझ्यावर जीव होता त्याचा. खरंच होता गं!"

आणि ती ढसाढसा रडायला लागली. मी मान वर केली, तर दारात वहिनी. नवं लुगडं, अंबाड्यावर अबोलीची वेणी, मला हळदीला न्यायला आलेली. बँजोच्या गोंगाटात तिची चाहूलच लागली नव्हती. संपलं पोरीचं कॉलेज, म्हटलं.

"वहिनी, आधी माझं ऐक..."

तिनं हात वर करून मला गप्प केलं. नजर लेकीवरून हलेना. दिशाला तर हुंदका गिळायचीही हिंमत होत नव्हती.

तेवढ्यात बाहेरून विपुलची मावशी मीरा ओरडली, "अगो पार्वती, नवरा पाटावर बसलाय! हळद खोळंबली ना, चल!"

वहिनीनं अंबाड्यावरची वेणी ओढून काढली आणि फळीवर ठेवली. मग दाराशी गेली.

"मीरा, दुसरी कुणी गाईल. माझा घसा बसलाय!"

हे ती इतकं खणखणीत ओरडली, की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असेल. मीरा दोनदा हाक मारून निघून गेली. वहिनीनं दार लावलं, नव्या लुगड्यानिशी लेकीसमोर फरशीवर बसली आणि पदरानं तिचं नाक पुसलं.

"हं, आता पहिल्यापासून सांग," ती म्हणाली. "असंच सांग. फक्त उद्या त्या पोराचं नाव घेऊ नको."