सुतकातली साक्ष

बायकोनं आणि मी मिळून शेवटचं काही केलं ते म्हणजे ओट्यावर बसून लसूण सोलला, समोरच्या निवाऱ्यातल्या चटणीसाठी. नवऱ्याच्या मारातून सुटलेल्या बाया तिथं राहतात. त्यांचा स्वैपाक तीच करायची. त्याच संध्याकाळी ती छातीला हात लावून खाली बसली, ती उठलीच नाही. सारी गल्ली धावली. बाया ऊर बडवून रडल्या.

पाचव्या दिवशी ओट्यावर एकटाच बसलो होतो. निवाऱ्यातली कमल नळावर आली आणि तिच्या नवऱ्यानं तिला केसांना धरून रस्त्यावर आपटलं. विटेनं तिचा हात ठेचला. पुन्हा ठेचला.

"बायको माझी आहे, मारीन नाहीतर कापीन!"

धडाधड दारं लागली. मी काठी घेऊन उठलो तर शेजारचा बापू खिडकीतून म्हणतो, "तात्या, सुतक आहे तुम्हाला, घरात बसा. नवरा-बायकोचं मिटतं."

"मिटतंय कुठं, मरतीय ती!" म्हणालो आणि त्या हलकटाच्या गुडघ्यावर काठी घातली. तो लंगडत पळाला. त्याच दिवशी पोलिसांनी धरला.

मेलेल्या बाईसाठी गल्ली धावते. जिवंत बाई रक्तात लोळते तेव्हा कुणाला काही दिसत नाही. मेलेली काही मागत नाही ना, म्हणून रडायला सोपं जातं.

निवारा चालवणाऱ्या ताई दारोदार फिरल्या. साक्षीला कुणी नसलं तर तो सुटेल, म्हणाल्या. कुणीच हो म्हणेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुतक अंगावर घेऊनच पोलीस ठाण्यात गेलो, आणि त्यानं वीट उचलली तिथपासून सगळं सांगितलं.