ऋषीच्या भाजीचा वाफा

पनवेलला आमच्या रो-हाउसपुढची हिरवळ काढून सासूबाईंनी अळू, माठ, भेंडी लावली. गणपतीच्या तोंडावर सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंची नोटीस आली: भाजीमुळे शोभा जाते, वाफा काढा. चार दिवस मी नुसती धुमसत घरात येरझाऱ्या घालत होते. पाचव्या दिवशी डोकंच फिरलं. घ्या तुमची शोभा, म्हणत सगळं मुळासकट उपटलं आणि कचरागाडीत टाकलं. सासूबाई दारातून बघत होत्या.

ऋषिपंचमीला त्याच सेक्रेटरीबाई पिशवी घेऊन दारात. त्या दिवशी उपासाला बैलाच्या कष्टाचं चालत नाही, हातानं पिकवलेलीच भाजी लागते. मोकळा वाफा दाखवताना मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. त्या गेल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "माझा पण उपास हाय. मी काय खाऊ?"