चांगुणेचं उखळ

श्रावणात आमच्या सासूबाई रोज पोथी वाचतात आणि मांडीला टेकून माझी सहा वर्षांची लेक ऐकते. इथपर्यंत ठीक. पण मध्ये तो श्रियाळ राजाचा अध्याय येतो ना, तिथं माझं डोकंच फिरतं. देव अतिथी होऊन येतो आणि जेवायला काय मागतो, तर राजा-राणीचा एकुलता एक मुलगा! आणि ते देतात हो! चांगुणा राणी आपल्या चिलया बाळाचं मस्तक उखळात घालून कांडते, वर डोळ्यात पाणी आणायचं नाही ही देवाची अट. शेवटी देव पोराला जिवंत करतो म्हणे. केवढे उपकार!

"आई, हे पोरीला नका ना ऐकवू," मी म्हटलं.

"आमी न्हाई का ऐकलं? काय झालं आमाला?"

नवऱ्याकडं गेले. त्यानं मोबाइलमधून मान वर न काढता सांगितलं, "अगं, गोष्टच आहे ती." ह्या माणसाकडं सगळ्या दुखण्यांवर एकच पुडी.

पुढच्या सोमवारी स्वामी जेवायला यायचे होते. आमच्या लिंगायताच्या घरात जंगम स्वामींचे पाय धुऊन, त्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय कुणी तोंडात काही घालायचं नाही, पोरानंसुद्धा नाही. सासूबाईंचा तसा नेमच. आणि ताटात शेंगाची चटणी हवी, ती मिक्सरची चालत नाही. तेल सुटेपर्यंत उखळातच कुटायची. मी घामाघूम होऊन कुटत होते. लेक दारात आली, माझ्या हातातल्या मुसळाकडं बघितलं आणि विचारलं, "आज कोण येणार?"

"स्वामी," मी म्हटलं. ती गेली. खेळायला गेली असेल असं मला वाटलं.

स्वामी आले, पाय धुतले, ताट वाढलं. पुरणपोळी, हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, चटणी. ते साधे म्हातारे गृहस्थ. इकडंतिकडं बघत म्हणाले, "लेकरू दिसंना? बोलवा की. लेकरू नसताना कसं जेवायचं?"

झालं! त्या अध्यायात पोराला रांधून वाढल्यावर देवसुद्धा जेवायच्या आधी हेच म्हणतो. सासूबाईंना तर भरूनच आलं, हात जोडले त्यांनी. मी लेकीला शोधायला उठले.

हाका मारल्या. ओ नाही. शेवटी स्वामी जेवायला बसले होते त्याच खोलीतल्या दिवाणाखाली, गोधड्यांच्या गाठोड्यामागं बाई सापडल्या.

"बाहेर ये."

"आधी सांग. त्यांनी मागितलं तर तू मला देशील?"

सगळ्यांनी ऐकलं. सासूबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की, बये, स्वामी ताटावर बसलेत, वार देवाचा आहे, जीभ आवर. पण माझंही सुटलंच. "देव स्वतः आला तरी देणार नाही! ताटावरनं उठवून वाटेला लावीन त्याला!"

"शिव शिव शिव!" सासूबाई. स्वामी बिचारे हात आखडून बसले. लेक मात्र जाळ्याजळमटांसकट बाहेर आली आणि थेट आजीपुढं उभी राहिली. "आणि आजी, तू बाबाला दिलं असतंस?"

नवरा पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. तोही थांबला. आईकडं बघायला लागला.

सासूबाईंनी पदर सावरला. देवाकडं बघितलं, स्वामींकडं बघितलं. मग पुरणपोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि लेकीच्या तोंडात घातला. स्वामींच्या आधी! "खा," म्हणाल्या, "सकाळधरनं उपाशी हाय लेकरू."

"लई बरं केलंसा, अव्वा," म्हणत स्वामींनी पोळीला हात घातला. माझ्या जिवात जीव आला.

स्वामी गेल्यावर मी उखळ धूत होते. नवरा उगाचच मागं येऊन उभा राहिला.

"काय पाहिजे?"

"काही नाही." मग म्हणाला, "आई काहीच बोलली नाही गं. माझ्याबद्दल विचारलं तेव्हा."

चाळिशीचा बाप्या! 'अगं, गोष्टच आहे ती' हे त्याचंच वाक्य त्याच्या तोंडावर फेकायला जीभ नुसती शिवशिवत होती. मान वर करून त्याचं तोंड बघितलं आणि ते वाक्य गिळून पुन्हा उखळ धुवायला लागले.