वाचून फोडायचे दगड

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावची शाळा बंद पडली, कारण सगळी पोरं आईबापांबरोबर खडी फोडायला जात होती. मी त्या कामावर कारकून होतो. गुरुजी रोज दुपारी भाकरीच्या सुट्टीत सायकलवर यायचे आणि अख्ख्या दगडांवर खडूने शब्द लिहायचे. पोरांनी आधी वाचायचं, मगच हातोडा मारायचा. गुरुजी बोलताना दर वाक्याला "काय?" म्हणून थांबायचे आणि उत्तर आल्याशिवाय पुढे सरकायचे नाहीत. मला हे सगळं खुळ्यासारखं वाटायचं.

एकदा ढीग मोजताना त्यात एक अख्खा दगड निघाला. "हा का नाही फोडला?" मी एका मुलीवर खेकसलो.

"त्याच्यावं माजं नाव हाय," ती म्हणाली.

गुरुजी सायकल घेऊन तिथेच उभे होते. त्यांनी दगड उचलला, सायकलच्या कॅरियरला दोरीने बांधला आणि गेले.

पुढच्या आठवड्यात मी शाळेवरून जाताना खिडकीतून आत पाहिलं. रिकाम्या वर्गात, मुलींच्या रांगेत, तो दगड ठेवला होता. फळ्याच्या कोपऱ्यात गुरुजींच्या अक्षरात लिहिलं होतं: पट एकतीस, हजर एक.