चहाच्या आधीची ओळ

लुडविग्सहाफेनच्या रसायन कारखान्यात आत्माराम गिरासे यांनी तेहतीस वर्षं कापडाचे रंग तपासले, पण ओळख करून द्यायची वेळ आली की ते सुरुवात चितोडगडापासून करत. गाव शिंदखेडा तालुक्यातलं, घरात बोली अहिराणी. पण गिरासे म्हणजे राजपूत, राजपुतांतले सिसोदिया, आणि सिसोदिया म्हणजे मेवाडची गादी! हा सगळा प्रवास ते एका दमात करत, आणि कॅन्टीनमधले जर्मन सोबती "आख सो", म्हणजे "असं होय", म्हणत बटाटे संपवत.

गोष्ट त्यांना तोंडपाठ होती. बाप्पा रावळानं राज्य उभं केलं. अल्लाउद्दीनानं चितोड घेतलं तेव्हा रावळांची थोरली शाखा बुडाली, आणि सिसोदा नावाच्या खेड्यातल्या हम्मीरानं गड परत मिळवला. मग कुंभा, मग सांगा, मग प्रताप. तिथं गोष्ट संपे. पुढं एकोणिसाव्या शतकात त्या गादीवर लागोपाठ पाच राणे दत्तक बसले, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण तोवर नेमकी जेवणाची सुट्टी संपलेली असे.

"खरा राजा एकलिंगजी. राणा नुसता देवाचा दिवाण," हे त्यांचं आवडतं वाक्य.

"मग दिवाणसाहेब, कचरा खाली न्या. आज बिओटोनचा दिवस आहे," असं त्यांच्या पत्नी मालिनीबाई म्हणत, आणि दिवाणसाहेब ओल्या कचऱ्याची बादली उचलत. माणूस तसा साधा. फक्त कुळाचा विषय निघाला की डोक्यावर फेटा चढे.

त्या फेट्यानंच गेल्या वर्षी घोटाळा केला. गिरासे मंडळींचे भाट राजस्थानातून येतात. दहा-बारा वर्षांनी गावोगाव फिरून वंशाची वही वाचून दाखवतात आणि मधल्या काळात जन्मलेल्यांची नावं लिहून घेतात. आत्मारामांचा मुलगा उत्कर्ष नेकारसुल्मला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, मीनलनं, निधीला नाशिकच्या अनाथाश्रमातून दत्तक आणलं तेव्हा ती दीड वर्षाची होती. आता दहाची. मराठी सगळं कळतं, उत्तरं जर्मनमध्ये. भाट येणार असं कळलं तेव्हा उत्कर्षनं सहज विचारलं, "आबा, निधीचं नाव लिहायचं ना?"

"वहीत रक्त लिहितात," आबा म्हणाले.

निधी तिथंच चित्र रंगवत बसली होती. तिनं मान वर केली नाही, पण हातातली पेन्सिल थांबली. उत्कर्ष आवाज न चढवता म्हणाला, "गुट, ठीक आहे. मग माझंही नाव खोडायला सांगा." त्यानंतर तो वर्षभर लुडविग्सहाफेनला आला तो फक्त आईच्या वाढदिवसाला, आणि तेव्हाही निधीला मीनलबरोबर घरीच ठेवून.

भाट गावात आले ते यंदाच्या मार्चमध्ये. आत्मारामांना गुडघ्यांमुळे जाता येईना, तेव्हा पुतण्यानं व्हिडिओ कॉल लावून दिला. रविवार होता. मालिनीबाईंनी मुलाला एवढंच कळवलं होतं, "ये. निधीला घेऊन ये. पुढचं मी बघते." काय बघणार होत्या, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

टॅब्लेट फुलदाणीला टेकवून ठेवला होता. पडद्यावर भंवरलालजी राव, पांढऱ्या मिशा, मांडीवर लाल कापडातली लांबट वही. वाचन सुरू झालं. मेवाडच्या गादीपासून गिराशांची शाखा कुठं फुटली, खानदेशात कोण उतरलं, कुणी गढी बांधली. सुरात, भराभर. उत्कर्ष खिडकीशी पाठ करून उभा होता. निधी मात्र पडद्याला चिकटली होती.

वही आत्मारामांच्या पणजोबांपर्यंत आली. पुढची ओळ त्यांना ठाऊक होती. दर वाचनाला त्यांचे वडील नेमके इथं येऊन ओरडत, "अरे, चहा आणा भाटबुवांना!" मग कपबश्या, बिस्किटं, चौकश्या. चहानंतर वाचन सुरू व्हायचं ते थेट वडिलांच्या नावापासून. एकदाच, आत्माराम अकरा वर्षांचे असताना, आई आजारी होती. चहा आला नाही आणि भाटानं ओळ पुरी केली. वडिलांनी मान खाली घातली. घरात त्याविषयी पुन्हा कुणी अवाक्षर काढलं नाही. आत्मारामांनीही नाही, साठ वर्षं.

भंवरलालजींनीही पान उलटताना क्षणभर थांबून पडद्याकडे पाहिलं. भाटांना यजमानांच्या घरची रीत पिढीजात माहीत असते.

"अहो, चहा टाकू का?" मालिनीबाईंनी आतून विचारलं.

आत्मारामांनी निधीकडे पाहिलं. तिच्या वेणीचा रबर सुटत आला होता. आपण हिला वर्षभर भेटलो नाही, भेटणार तरी कोणत्या तोंडानं होतो, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

"नको. आत्ता नको," ते म्हणाले. "वाचा, भाटबुवा. मोठ्यानं वाचा."

भंवरलालजींनी चष्मा सारखा केला. "पुत्र दौलतसिंग. खोळे घेतला. संवत एकोणीसशे छप्पनच्या दुष्काळात तांड्यामागं राहिलेलं बाळक. वय तीन. कुळ ठाऊक नाही."

उत्कर्ष खिडकीपासून वळला.

"आबा, वास हाइस्ट खोळे?" निधीनं विचारलं.

"खोळे म्हणजे मांडीवर," आत्माराम म्हणाले. "दौलतसिंग माझे आजोबा. कुणाचे होते ते कुणालाच माहीत नाही, बेटा. दुष्काळात एकटे सापडले. माझ्या पणजोबांनी मांडीवर घेतलं." तिच्या वेणीचा रबर नीट बसवत ते म्हणाले, "हे मला ठाऊक होतं. तरी मी तुला तसं बोललो."

निधीनं मान वर करून आबांकडे पाहिलं. "आल्झो, वी इश," ती म्हणाली. म्हणजे माझ्यासारखे.

"गेनाऊ. अगदी तसेच," आबा म्हणाले.

भंवरलालजी दौत उघडून बसलेच होते. उत्कर्षच्या नावाखाली त्यांनी लिहिलं, मुलगी निधी, खोळे. मग लेखणी वर धरून रिवाजाप्रमाणे विचारलं, "बेटीचं कुळ काय लिहू?"

"माझं जे आहे तेच लिहा," आत्माराम म्हणाले.